काळी माती, हिरडा आणि टोमॅटो: सेंद्रिय-असेंद्रिय थरांच्या पातळ पापुद्र्यांचं विज्ञान काय आहे?

नारायणगावच्या उपबाजारात टोमॅटोचे क्रेट उतरायला लागले की शेतकऱ्याचं घड्याळ सुरू होतं. माल आजच विकला गेला पाहिजे. उद्या तो मऊ पडेल, परवा पाणी सोडेल. २०२३च्या जुलै महिन्यात याच जुन्नर तालुक्यात २० किलोच्या एका क्रेटला २ हजार रुपयांच्या वर भाव मिळाला आणि त्याची देशभर बातमी झाली. पण ज्या वर्षी भाव पडतो, त्या वर्षी तोच टोमॅटो रस्त्याच्या कडेला ओतावा लागतो. टोमॅटो ८-१० दिवस जास्त टिकला असता तर? हा प्रश्न प्रत्येक हंगामात विचारला जातो.

शेजारच्या आंबेगाव तालुक्यात, पश्चिमेला आहुपे खोऱ्यात, उन्हाळ्यात वेगळीच गडबड असते. आदिवासी कुटुंबं बाळहिरडा गोळा करून अंगणात वाळत घालतात. आणि या दोन्ही तालुक्यांच्या पूर्वेकडच्या सपाट भागात काळी माती आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या पावसात त्या बुजतात.

टोमॅटो, हिरडा आणि काळी माती या तीन गोष्टींना जोडणारं एक विज्ञान आहे. सेंद्रिय आणि असेंद्रिय पदार्थांचे थर एकावर एक रचून केलेले अतिपातळ पापुद्रे हा त्याचा विषय. जगभरातल्या प्रयोगशाळांमध्ये यावर काम सुरू आहे आणि त्यातलं एक महत्त्वाचं काम पुण्यात झालं आहे. हे नेमकं काय आहे ते समजून घेऊया.

'सेंद्रिय' म्हणजे सेंद्रिय शेतीवालं का?

नाही. बाजारात 'सेंद्रिय' म्हटलं की रासायनिक खत न वापरलेला माल डोळ्यांसमोर येतो. रसायनशास्त्रात मात्र सेंद्रिय म्हणजे मुख्यतः कार्बनच्या साखळ्यांनी बनलेले पदार्थ. तेल, तूप, मेण, साखर, प्लास्टिक, हिरड्यातलं टॅनिन हे सगळे सेंद्रिय. माती, वाळू, चुना, लोखंड, सोनं हे असेंद्रिय.

दोघांचे स्वभाव वेगळे. सेंद्रिय पदार्थ साधारणपणे मऊ, लवचीक आणि हलके असतात, पण उष्णतेला लवकर बळी पडतात. असेंद्रिय पदार्थ बहुधा कडक आणि टिकाऊ असतात, पण ठिसूळ. काच वाकत नाही, फुटते. प्लास्टिक फुटत नाही, पण त्यावर ओरखडे पडतात आणि त्यातून हवा हळूहळू आरपार जाते.

मग दोघांना एकत्र का आणू नये? नुसतं कालवून भागत नाही. कालवलेल्या पदार्थात कण कुठेही, कसेही पडतात. खरा फायदा होतो तो थर नीट लागले तर.

स्वयंपाकघरातलं उदाहरण घ्या. मैदा आणि तूप एकत्र मळलं तर खुसखुशीत पुरी होईल. पण पोळ्या लाटून प्रत्येकीवर तुपाचा साटा लावला, त्या एकावर एक ठेवून गुंडाळी केली आणि मग तळलं, तर चिरोटा होतो. जिन्नस तेच, पण मांडणी बदलली की पदार्थ बदलतो.

निसर्गात याचं सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे शिंपल्याच्या आतला चकचकीत मोतिया थर. त्याचा सुमारे ९५ टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेट असतो. रासायनिकदृष्ट्या हा खडूचाच भाऊबंद. उरलेला सेंद्रिय भाग प्रथिनं आणि कायटिनचा असतो. पण खनिजाच्या पातळ फरश्या आणि त्यांच्यामध्ये सेंद्रिय 'गिलावा' अशी रचना असल्यामुळे शिंपला खडूसारखा चुरत नाही. तडा गेलाच, तर तो सरळ आरपार जात नाही. प्रत्येक फरशीपाशी त्याला वळसा घ्यावा लागतो आणि वाटेतच त्याची ताकद संपते.

किती पातळ थर?

या विषयातलं माप आहे नॅनोमीटर. एका मिलिमीटरचे १० लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. इथे ज्या थरांची गोष्ट चालू आहे, त्यातला एकेक थर १ ते १० नॅनोमीटरचा असतो.

जुन्नर तालुक्यातल्या खोडदजवळ जीएमआरटी ही जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. तिथल्या ३० तबकड्यांपैकी प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. त्या तबकड्या अतिदूरचं विश्व पाहतात. आपला विषय बरोबर उलट्या टोकाला आहे.

काळ्या मातीत हे थर आधीच आहेत

जुन्नर-आंबेगावचे डोंगर बेसाल्ट खडकाचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या लाव्हातून हा खडक तयार झाला. शिवनेरीचा कडा आणि लेण्याद्रीची लेणी याच खडकातली. हा खडक झिजून, विघटन होऊन काळी माती बनते आणि तिच्यात स्मेक्टाइट नावाच्या गटातली चिकणखनिजं भरपूर असतात. या गटातलं सर्वांत प्रसिद्ध खनिज म्हणजे मॉन्टमोरिलोनाइट. फ्रान्समधल्या मॉन्टमोरियों या गावावरून त्याला हे नाव मिळालं.

हे खनिज वहीच्या पानांसारखं असतं. एकेक पान फक्त १ नॅनोमीटर जाड, पण त्याच्या शंभर-दोनशे पट, कधी त्याहूनही जास्त रुंद. प्रत्येक पानावर ऋण विद्युतभार असतो. तो भार भरून काढायला पानांच्या मधे सोडियम, कॅल्शियम यांचे धनभारित आयन बसलेले असतात. पाऊस पडला की पाणी या पानांच्या मधे शिरतं, पानं एकमेकांपासून लांब सरकतात आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी उडून जातं, पानं पुन्हा जवळ येतात आणि जमिनीला भेगा पडतात. काळ्या जमिनीवर घर बांधताना पाया खोल का घ्यावा लागतो, याचं कारण हेच.

अशा चिकणखनिजाच्या फक्त एका ग्रॅममधली सगळी पानं सुटी करून पसरली, तर त्यांचं क्षेत्रफळ ७०० चौरस मीटरच्या आसपास भरतं. म्हणजे जवळजवळ ७ गुंठे!

आता कल्पना अशी: पानांच्या मधे पाणी शिरू शकतं, तर एखादा सेंद्रिय रेणूही शिरू शकेल. शिरतोच. आणि पानं पूर्ण सुटी करता आली, तर ती हव्या त्या क्रमाने पुन्हा रचताही येतील. ही रचना हाताने करता येत नाही. तिच्यासाठी काही खास पद्धती आहेत.

हे थर रचतात कसे?

पद्धत १: पाण्यावरची साय

दुधावर साय धरते तसा पाण्यावर एका रेणूच्या जाडीचा थर धरता येतो. स्टिअरिक आम्लासारखे चरबीतले रेणू घेतात. त्यांचं डोकं पाण्याकडे ओढ घेणारं आणि शेपूट पाण्यापासून पळणारं असतं. पाण्यावर टाकल्यावर ते डोकं खाली, शेपूट वर करून उभे राहतात. बाजूने हळूहळू दाबत नेलं की ते खांद्याला खांदा लावून दाटीने उभे राहतात. मग काचपट्टी त्यातून खालीवर केली की प्रत्येक वेळी एक थर पट्टीला चिकटतो. पाण्यात आधीच धातूचे आयन सोडलेले असतील तर ते रेणूंच्या डोक्यांना धरून बसतात. अशा रीतीने एक सेंद्रिय थर, एक धातूचा थर अशी चळत तयार होते.

ही पद्धत अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत अर्व्हिंग लँगम्युअर आणि कॅथरीन ब्लॉजेट यांनी विकसित केली. लँगम्युअर यांना १९३२ साली नोबेल मिळालं. ब्लॉजेट या केंब्रिज विद्यापीठातून भौतिकशास्त्रात पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या महिला. १९३८ साली त्यांनी काचेवर बेरियम स्टिअरेटचे ४४ थर चढवून चमक न मारणारी काच तयार केली. चष्म्याच्या आणि कॅमेऱ्याच्या भिंगांवर आज जो चमकरोधक लेप असतो, त्याच्या सुरुवातीच्या टप्प्यातलं हे काम आहे.

अडचण एकच: ही पद्धत फार नाजूक आणि संथ आहे.

पद्धत २: आळीपाळीने बुडवा

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला गेरो डेखर यांच्या गटाने एक सोपी वाट रूढ केली. तिची मूळ कल्पना १९६६ साली राल्फ आयलर यांनी मांडली होती. धन आणि ऋण भार एकमेकांना ओढतात, एवढंच तिचं तत्त्व.

काचपट्टी आधी धनभारित सेंद्रिय द्रावणात बुडवायची. उदाहरणार्थ कायटोसान. कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून तो मिळतो. पट्टीवर एक थर बसला की भार उलटा होतो, त्यामुळे त्याच जातीचा आणखी माल चिकटत नाही. पट्टी पाण्याने धुवायची. मग चिकणमातीच्या ऋणभारित पानांच्या गढूळ पाण्यात बुडवायची. पानं आडवी होऊन फरशीसारखी बसतात. पुन्हा धुवायचं, पुन्हा पहिल्या द्रावणात. असं कितीही वेळा. मोठी यंत्रं लागत नाहीत. दोन भांडी, धुण्याचं पाणी आणि चिकाटी पुरते. अर्थात, प्रयोगशाळेत हे काम यंत्राचा हात करतो.

२००७ साली अमेरिकेच्या मिशिगन विद्यापीठात निकोलस कोटोव्ह यांच्या गटाने याच पद्धतीने मॉन्टमोरिलोनाइट आणि पॉलिव्हिनाइल अल्कोहोल यांचे ३०० थर रचले. मग त्यांनी ते थर रासायनिक दुव्यांनी एकमेकांना जोडले. तयार झालेला पापुद्रा पारदर्शक होता आणि काही जातींच्या पोलादाच्या तोडीचा ताण सोसत होता. म्हणजे माती आणि डिंकासारखा पदार्थ, तेही नीट रचून.

पद्धत ३: पुण्याची वाट

पुण्यात पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजेच एनसीएल आहे. १९५० साली सुरू झालेली ही संस्था नारायणगावपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. १९९०च्या दशकात आणि २०००च्या सुरुवातीच्या वर्षांत इथे डॉ. मुरली शास्त्री यांच्या गटाने थर रचायचा क्रमच बदलला.

आधीच्या पद्धतींत एकेक थर करून इमारत उभी राहते. पुण्याच्या पद्धतीत आधी चरबीयुक्त आम्लाचा पूर्ण पापुद्रा निर्वात कक्षात वाफ करून पट्टीवर धरला जातो. तो काही दशांश ते शतांश सूक्ष्ममीटर जाडीचा असतो. मग ती पट्टी धातूच्या आयनांच्या किंवा सोन्या-चांदीच्या अतिसूक्ष्म कणांच्या द्रावणात बुडवून ठेवतात. विद्युतभाराच्या ओढीने आयन किंवा कण बाहेरून आत शिरतात. आयन आत जाताच आतले रेणू आपोआप सरकून रांगेत उभे राहतात आणि थरांची रचना तयार होते. म्हणजे आधी रिकामी चाळ बांधायची, आणि भाडेकरू आत आल्यावर खोल्या आपोआप नीट लागायच्या!

यात नियंत्रणाची किल्ली होती द्रावणाचा सामू. आम्लाचे रेणू योग्य सामूला ऋणभारित होतात आणि धनभारित आयनांना ओढतात. ऋणभारित सोन्याचे कण हवे असतील तर आम्लाऐवजी अमाइन गटाचे रेणू वापरायचे.

आत नेमकं किती शिरलं हे कसं कळतं? त्यासाठी क्वार्ट्झच्या स्फटिकाचा काटा वापरतात. हा स्फटिक ठरावीक गतीने थरथरत असतो. त्यावर सूक्ष्म वजन वाढलं की थरथर मंदावते. त्यावरून ग्रॅमच्या अब्जाव्या भागाएवढं वजनही मोजता येतं. आणि थर नीट लागले आहेत की नाही, हे क्ष-किरणांच्या परावर्तनावरून कळतं. समान अंतरावरचे थर असतील तरच ठरावीक कोनांवर ठळक शिखरं दिसतात.

याच गटाने पुढे अशा पापुद्र्यांमध्ये खनिजांचे स्फटिक वाढवले. एनसीएलमधल्याच डॉ. माला राव यांच्यासोबत वितंचकंसुद्धा, म्हणजे एन्झाइम, या थरांमध्ये बसवली. शास्त्री, राव आणि डॉ. कृष्णराजनगर गणेश यांचा या सगळ्या कामाचा आढावा घेणारा लेख २००२ साली 'अकाउंट्स ऑफ केमिकल रिसर्च' या नियतकालिकात आला. डॉ. गणेश पुढे पुण्याच्या आयसरचे पहिले संचालक झाले. शास्त्रींच्या गटाने २००४ साली गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी अतिसूक्ष्म कण तयार करून दाखवले. ते संशोधनही जगभर गाजलं.

टोमॅटोचा यात काय संबंध?

टोमॅटो तोडल्यानंतरही जिवंत असतो. तो श्वास घेतो, ऑक्सिजन वापरतो, कार्बन डायऑक्साइड आणि इथिलीन वायू सोडतो. इथिलीन त्याला आणखी पिकवतं. म्हणूनच लांबच्या बाजारासाठी माल रंग फुटायच्या बेताला तोडतात. टोमॅटोच्या सालीला पानासारखी रंध्रं नसतात. त्याचा बहुतेक श्वास देठाच्या जागेतून होतो आणि पाणीही तिथूनच जातं.

ऑक्सिजनची वाट अवघड केली तर पिकणं मंदावतं. मातीच्या पानांचे थर इथे कामाला येतात. साध्या प्लास्टिकच्या कागदातून ऑक्सिजनचा रेणू जवळजवळ सरळ जातो. पण आडव्या फरशांचे शंभर थर वाटेत असतील तर त्याला प्रत्येक फरशीला वळसा घालत जावं लागतं. जुन्नर बाजारपेठेतून शिवनेरी समोर दिसतो, पण वर जायचं तर सात दरवाजे ओलांडावे लागतात, तसंच. अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठात जेम ग्रुनलन यांच्या गटाने असे पारदर्शक मातीचे पापुद्रे तयार करून ते ऑक्सिजनला अतिशय प्रभावीपणे अडवतात हे दाखवलं आहे.

याचा दुसरा फायदा कचऱ्याच्या बाजूने आहे. वेफरच्या पाकिटाची आतली चंदेरी बाजू आठवा. तो प्लास्टिकवर चढवलेला ॲल्युमिनियमचा थर असतो. वेगवेगळे थर एकमेकांना घट्ट चिकटलेले असल्यामुळे अशा पाकिटांचा पुनर्वापर अवघड जातो. माती आणि कायटोसानसारख्या पदार्थांचा पातळ थर हे काम करू शकला, तर हा गुंता कमी होईल.

पण इथे एक मोठा 'पण' आहे. वेफरच्या पाकिटाला ऑक्सिजन पूर्ण बंद चालतो, टोमॅटोला नाही. हवा पूर्ण तोडली तर टोमॅटो आतून आंबतो. म्हणून ताज्या फळासाठी थर 'बंद दार' नको, 'किलकिलं दार' हवं. किती थर, किती जाडी, हे प्रत्येक पिकासाठी वेगळं ठरवावं लागतं.

हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड

आवळा लोखंडी विळीवर चिरला की तो काळा पडतो. आजीला याचं कारण माहीत नसलं तरी परिणाम माहीत असतो. आवळा आणि हिरडा या दोन्ही फळांमध्ये टॅनिन असतं. टॅनिनच्या रेणूवर अनेक 'हात' असतात आणि ते लोखंडाच्या आयनाला घट्ट धरतात. त्यातून निळसर काळा पदार्थ तयार होतो.

हिरड्यात टॅनिनचं प्रमाण खूप असतं. वाळलेल्या फळाच्या वजनाचा साधारण एक तृतीयांश भाग टॅनिनचा असू शकतो. म्हणूनच पिढ्यान् पिढ्या कापड रंगवणारे लोक आधी कापड हिरड्याच्या पाण्यात बुडवायचे. मग लोखंडाच्या द्रावणाने काळा रंग पक्का व्हायचा. चामडं कमावण्यासाठीही हिरडा वापरतात आणि त्यासाठी ब्रिटिश काळात तो मोठ्या प्रमाणात परदेशी जायचा.

२०१३ साली ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न विद्यापीठात फ्रँक कारुसो यांच्या गटाने हीच जुनी रासायनिक क्रिया नव्या नजरेने पाहिली. टॅनिक आम्ल आणि लोखंडाचा क्षार पाण्यात एकत्र केला की समोर जो पृष्ठभाग असेल त्यावर सुमारे १० नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा चढतो. काच, सोनं, प्लास्टिक, जिवाणू, काहीही चालतं. वेळ लागतो तो फार तर काही मिनिटांचा. जाडी वाढवायची असेल तर पुन्हा तेच करायचं, थरावर थर. सेंद्रिय टॅनिन आणि असेंद्रिय लोखंड यांचा हा पापुद्रा सामू बदलला की सुटतो. त्यामुळे औषध शरीरात ठरावीक जागी सोडण्यासाठी त्याचा अभ्यास सुरू झाला.

२०१७ साली दक्षिण कोरियातल्या 'काइस्ट' या संस्थेच्या संशोधकांनी ही दोन द्रावणं संत्र्याच्या जातीच्या फळांवर आणि स्ट्रॉबेरीवर फवारली. फवारलेली फळं साध्या खोलीत न फवारलेल्या फळांपेक्षा जास्त दिवस चांगली राहिली.

यातला मुद्दा लक्षात घ्या. बुडवण्याऐवजी फवारणी चालते. जुन्नरच्या शेतकऱ्याला फवारणीचा पंप काही नवीन नाही.

शाळेत करून पाहता येईल असा प्रयोग

हिरड्याची दोन-तीन फळं ठेचून पाण्यात उकळा, गाळून घ्या. दुसऱ्या भांड्यात गंजलेले खिळे व्हिनेगरमध्ये दोन-तीन दिवस ठेवा. मग स्वच्छ काचेचा तुकडा किंवा पांढरं सुती कापड आधी हिरड्याच्या पाण्यात, मग धुऊन लोखंडाच्या पाण्यात, पुन्हा धुऊन हिरड्यात असं फिरवा. दर फेरीला कापडाचा रंग गडद होत जाईल. थरावर थर चढतोय, तो असा डोळ्यांनी दिसतो. हा प्रयोग मोठ्यांच्या देखरेखीखाली करा. ही द्रावणं खाण्यासाठी किंवा घरच्या फळांवर मारण्यासाठी नाहीत.

सौरऊर्जेतही हेच थर

शेतपंपाला सौर पॅनेल आता ओळखीचं झालं आहे. त्यात सिलिकॉन असतं. त्याला जोड म्हणून पेरोव्स्काइट नावाच्या पदार्थांवर जगभर काम चालू आहे. २००९ साली जपानमध्ये त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने पहिला पेरोव्स्काइट सौरघट केला, तेव्हा त्याची कार्यक्षमता ३.८ टक्के होती. आज प्रयोगशाळेतले घट २५ टक्क्यांच्या पुढे गेले आहेत. मुंबईच्या आयआयटीमध्ये डॉ. दिनेश काब्रा यांचा गट सिलिकॉनवर पेरोव्स्काइटची जोड देऊन जास्त वीज मिळवण्यावर काम करतो.

पेरोव्स्काइटचा शत्रू म्हणजे ओलावा. त्यावर एक उपाय थरांचाच आहे. शिसं आणि आयोडीन यांच्या असेंद्रिय पानांच्या मधे पाणी दूर ठेवणारे लांब सेंद्रिय रेणू बसवायचे. थरांचे असे घट दमट हवेत जास्त टिकतात, पण त्यातून वीज थोडी कमी वाहते. भीमाशंकरच्या पावसात जे पॅनेल २५ वर्षं टिकेल, तेच खऱ्या अर्थाने पास झालं असं म्हणता येईल. शिवाय यात शिसं असल्यामुळे पॅनेल फुटल्यावर ते जमिनीत उतरणार नाही, याची सोय आधीच करावी लागेल.

मग हे बाजारात का दिसत नाही?

कारणं सरळ आहेत.

पहिलं, वेग. प्रयोगशाळेत एका पट्टीवर ३०० थर चढवता येतात. हंगामात नारायणगावला रोज येणारे हजारो क्रेट एकेक करून बुडवता येत नाहीत. फवारणी आणि गुंडाळीवरची सलग प्रक्रिया याच दिशेने संशोधन चालू आहे.

दुसरं, ओलावा. मातीचे थर कोरड्या हवेत ऑक्सिजनला छान अडवतात, पण दमट हवेत फुगतात. शेतातली माती जशी फुगते, तशीच.

तिसरं, शुद्धता. शेतातली काळी माती उचलून थेट वापरता येत नाही. तिच्यात चुनखडी, लोहाची संयुगं, वाळू असं बरंच काही असतं. धुणं, बारीक भाग वेगळा करणं, पानांमधले आयन बदलणं असे अनेक टप्पे पार करावे लागतात.

चौथं, सुरक्षितता. खाण्याच्या वस्तूवर लेप द्यायचा तर त्याची तपासणी आणि एफएसएसएआयच्या नियमांत बसणं आवश्यक आहे. निसर्गात मिळणारी गोष्ट आपोआप सुरक्षित होत नाही.

त्यामुळे व्हॉट्सॲपवर 'नॅनो फवारणीने टोमॅटो महिनाभर टिकतो' असा संदेश आला तर तीन प्रश्न विचारा. कोणत्या पिकावर आणि किती तापमानाला चाचणी झाली? न फवारलेल्या मालाशी तुलना केली का? खाण्यासाठी मंजुरी आहे का? उत्तरं नसतील तर पैसे खिशातच राहू द्या.

हिरडा वेचणाऱ्यांना काय मिळणार?

खरा प्रश्न इथे येतो. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी कुटुंबांसाठी बाळहिरडा हे हाताशी रोख पैसा देणारं पीक आहे. झाड मालकीच्या जमिनीत किंवा जंगलात, वेचणी उन्हाळ्यात, वाळवणी अंगणात, आणि भाव व्यापारी ठरवणार. केंद्र सरकारची गौण वनोपजाला किमान आधारभूत किंमत देणारी योजना २०१३-१४ पासून आहे आणि हिरडा तिच्यात आहे. तरी योग्य भाव आणि वेळेवर खरेदी ही मागणी इथे वारंवार होते. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातल्या हिरड्याचं मोठं नुकसान केलं. त्याच्या भरपाईसाठी लोकांना पुढची कित्येक वर्षं पाठपुरावा करावा लागला.

उद्या टॅनिनच्या पापुद्र्यांना मागणी आली, तर कच्चा हिरडा विकण्यापेक्षा टॅनिनचा अर्क विकणं फायद्याचं ठरू शकतं. पण ते कुणाच्या फायद्याचं, हे आपोआप ठरत नाही. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर ग्रामसभा आणि वननिवासींचा हक्क मान्य केला आहे. २००२च्या जैवविविधता कायद्यात स्थानिक संसाधनांच्या व्यापारी वापरातून होणाऱ्या लाभात स्थानिकांना वाटा देण्याची तरतूद आहे. कागदावरचे हे हक्क आधी वापरात आले, तरच नव्या तंत्रज्ञानाचा पैसा आहुप्यापर्यंत पोहोचेल. नाहीतर हिरडा किलोवर जाईल आणि त्याचा अर्क ग्रॅमवर परत येईल.

थोडक्यात

सेंद्रिय-असेंद्रिय थरांचे पापुद्रे म्हणजे मऊ आणि कडक पदार्थांची नॅनोमीटर मापातली चळत. गुण येतात ते रचनेमुळे.

काळ्या मातीतल्या चिकणखनिजांची पानं १ नॅनोमीटर जाडीची असतात आणि ती या पापुद्र्यांत फरशीचं काम करतात.

थर रचायच्या तीन मुख्य वाटा आहेत: पाण्यावरचा थर उचलणं, आळीपाळीने बुडवणं, आणि तयार पापुद्र्यात बाहेरून आयन किंवा कण शिरवणं. यातल्या तिसऱ्या वाटेवर पुण्याच्या एनसीएलमध्ये महत्त्वाचं काम झालं.

हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड यांचा पापुद्रा काही मिनिटांत तयार होतो आणि फळं टिकवण्यासाठी त्याचे प्रयोग झाले आहेत. टोमॅटोसाठी तो बाजारात यायला वेग, ओलावा आणि अन्नसुरक्षा हे अडथळे पार करावे लागतील.

तोपर्यंत नारायणगावच्या शेतकऱ्यासाठी जुनेच उपाय खरे: माल रंग फुटायच्या बेताला तोडणं, उन्हात न ठेवणं, क्रेट ठासून न भरणं. आणि पुढच्या वेळी काळ्या रानात भेग दिसली, तर थोडं वाकून पाहा. तिच्या तळाशी पानापानांचं एक पुस्तक मिटत असतं आणि मृगाच्या पहिल्या सरीला ते पुन्हा उघडतं.